ब्लूमरचे गोल स्वस्त नव्हते

फुटबॉलच्या इतिहासाबद्दल बोलताना एक मत इतक्या सहजपणे मांडले जाते की मांडणारा पुरावा देत नाही आणि ऐकणारा मागत नाही. पहिल्या महायुद्धाआधीच्या इंग्लिश खेळाडूंचे आकडे नोंदवहीपुरते ठीक, त्यांवरून कुणाची थोरवी ठरवू नये, असे ते मत. त्याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो स्टीव्ह ब्लूमरला. इंग्लंडसाठी २३ सामन्यांत २८ गोल. इंग्लिश लीगमध्ये सुमारे सहाशे सामन्यांत साडेतीनशेहून अधिक गोल. डर्बी काउंटी या एका क्लबसाठी सर्व स्पर्धा मिळून ३३२ गोल. हे आकडे ऐकून लोक क्षणभर थबकतात आणि लगेच म्हणतात, "त्या काळी गोल स्वस्त होते."

हे वाक्य मला मान्य नाही. का मान्य नाही हे सांगण्याआधी प्रतिपक्षाची बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडणे मी माझे कर्तव्य समजतो. मुद्दाम दुबळा करून ठेवलेला पूर्वपक्ष खोडण्यात पुरुषार्थ नाही.

तो पूर्वपक्ष असा. ब्लूमर १८९२ ते १९१४ या काळात खेळला आणि त्या काळी फुटबॉल बाल्यावस्थेत होते. संघ २-३-५ अशा रचनेत उतरत. मागे अवघे दोन फुलबॅक, पुढे पाच आक्रमक. अशा उघड्या मैदानात गोल होणारच. डावपेच नव्हते, शास्त्रशुद्ध तयारी नव्हती. आंतरराष्ट्रीय सामने स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या तीन शेजाऱ्यांशीच होत. १८९६ साली कार्डिफला इंग्लंडने वेल्सला ९-१ असे हरवले, त्यात एकट्या ब्लूमरचे पाच गोल. असल्या सामन्यांतल्या गोलांची किंमत काय? आणि एवढे गोल करून मिळवले काय? फर्स्ट डिव्हिजनचे विजेतेपद नाही, एफए कप नाही. शेवटचा मुद्दा सर्वांत बोचरा आहे: ब्लूमर हा गोलपाशी दबा धरून बसणारा नेमबाज होता, खेळाची समग्र जाण असलेला खेळाडू नव्हता.

हा पक्ष हलका नाही. त्यातली काही विधाने खरीही आहेत. १८९०च्या दशकाच्या आरंभी गोल भरपूर होत, हे मान्य. गोलरक्षक चेंडू खेळत असताना त्याला खांद्याने धडक देणे नियमात बसत होते आणि त्याचा लाभ आक्रमकाला मिळे, हेही मान्य. प्रश्न एवढाच आहे की या खऱ्या विधानांतून काढलेला निष्कर्ष खरा ठरतो का?

आधी माणसाची ओळख. ब्लूमरचा जन्म २० जानेवारी १८७४चा, वूस्टरशायरमधल्या क्रॅडलीचा. तो लहान असतानाच कुटुंब डर्बीला आले. हे लोखंडकामाचे, रेल्वेच्या कारखान्यांचे शहर. फुटबॉलवर पोट भरू लागण्याआधी त्याने लोहारकामात हात काळे केले होते. सप्टेंबर १८९२मध्ये, अठराव्या वर्षी, तो डर्बी काउंटीकडून पहिला लीग सामना खेळला. चणीने किरकोळ, चेहऱ्याने फिकट. अंगबळावर खेळणाऱ्या त्या काळात हा पोरगा टिकेल असे पाहणाऱ्याला वाटू नये असा. त्याची जागा इनसाइड राइटची, आणि त्याला हाताशी धरून घडवणारा होता जॉन गुडॉल, एकही लीग सामना न हरता १८८९ साली विजेता ठरलेल्या प्रेस्टन संघाचा आघाडीपटू.

आता मुख्य वादाकडे येतो. गोल सोपा की अवघड हे ठरवते कोण? बचावपटूंची संख्या ते ठरवत नाही. ते ठरते खेळाच्या नियमांवर, आणि त्यांतही एका नियमावर सर्वांत जास्त: ऑफसाइडवर. आज पुढचा पास सुटताना आक्रमक आणि गोलरेषा यांच्या दरम्यान प्रतिपक्षाचे किमान दोन खेळाडू असावे लागतात. त्यांतला एक बहुधा गोलरक्षक असतो, म्हणजे व्यवहारात एका बचावपटूच्या पुढे जाऊ नये एवढेच पथ्य. ब्लूमरच्या काळात हा आकडा तीन होता. गोलरक्षक धरला तरी आणखी दोन खेळाडू आक्रमकाच्या पुढे हवेत. याचा परिणाम डोळ्यांसमोर आणून पाहा. दोन फुलबॅकांपैकी एकाने मागे थांबायचे आणि दुसऱ्याने पास सुटण्याच्या क्षणी चार पावले पुढे सरकायचे. आक्रमक ऑफसाइड. पुढे सरकण्यात चूक झाली तरी मागचा फुलबॅक सावरायला आहेच. बचाव करणाऱ्याला दुसरी संधी होती, आक्रमकाला पहिलीही नव्हती.

इतकेही पुरेसे नव्हते. १९०७ सालापर्यंत आक्रमक स्वतःच्या अर्धात उभा असतानाही ऑफसाइड ठरू शकत असे. बचावपटूंनी मध्यरेषा ओलांडून पुढे यावे आणि समोरच्या संघाला त्याच्याच अंगणात कोंडून टाकावे, अशी सोय नियमानेच करून ठेवली होती. ही सोय रद्द झाली ते वर्ष आणि ब्लूमरच्या शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्याचे वर्ष एकच आहे. त्याचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस गोल त्या जुन्या, अधिक जाचक नियमाखाली झालेले आहेत.

ही केवळ तर्काची कसरत आहे, असे कुणी म्हणेल. तर मग प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. १९०४ साली न्यूकॅसलमध्ये बिल मॅक्रॅकन हा आयरिश फुलबॅक आला आणि त्याने ऑफसाइडचा सापळा इतका पक्का बसवला की इंग्लंडभरचे प्रेक्षक त्याच्या नावाने खडे फोडू लागले. न्यूकॅसलने १९०५, १९०७ आणि १९०९ साली लीग जिंकली. हा कित्ता इतरांनी गिरवला, सामने मध्यरेषेपाशी तुंबू लागले, गोल आटले. शेवटी १९२५च्या उन्हाळ्यात नियमकर्त्यांना हात घालावा लागला आणि तिनाचे दोन झाले. चेंडू तोच, मैदाने तीच, संघांची संख्या तीच, ४६२ सामनेही तेवढेच. फर्स्ट डिव्हिजनमध्ये १९२४-२५च्या हंगामात १,१९२ गोल झाले होते. १९२५-२६मध्ये झाले १,७०३. एका हंगामात ५११ गोलांची वाढ! नियमात बदलला तो एक आकडा.

वाचकांनी या दोन संख्यांकडे शांतपणे पाहावे. नियम सैल होताच गोल जवळपास दीडपट होत असतील, तर तो सैल होण्याआधीचे गोल स्वस्त होते की महाग?

प्रतिपक्ष ज्याला आपला हुकमाचा एक्का समजतो, तो दोन फुलबॅकांचा मुद्दा इथेच त्याच्यावर उलटतो. मागे दोनच का असत? कारण तीन खेळाडूंच्या नियमात दोन पुरत होते. १९२५नंतर ते पुरेनासे झाले, तेव्हा आर्सेनलचा हर्बर्ट चॅपमन आणि इतर व्यवस्थापकांनी सेंटर हाफला मागे ओढून तिसरा बचावपटू केला. म्हणजे तिसरा बचावपटू आला तो गोल करणे सोपे झाल्यामुळे. त्याच्या अभावाला जुन्या बचावाचा दुबळेपणा ठरवणे म्हणजे परिणामालाच कारण मानणे होय.

गोलरक्षकाचीही तीच कथा. १९१२पर्यंत गोलरक्षकाला केवळ पेनल्टी क्षेत्रात नव्हे, आपल्या संपूर्ण अर्धात चेंडू हाताने खेळता येत असे. वेल्सचा ली रिचमंड रूज चेंडू आपटत आपटत थेट मध्यरेषेपर्यंत येई. १९०५पर्यंत पेनल्टीच्या वेळी गोलरक्षक रेषा सोडून सहा यार्ड पुढे येऊ शकत असे. बारा यार्डांवरच्या चेंडूसमोर सहा यार्डांवर भिंतीसारखा माणूस उभा राहिला तर उरलेला कोन किती? आणि तो माणूस शेफील्ड युनायटेडचा विल्यम फोक असला, सहा फुटांहून उंच आणि अवाढव्य वजनाचा, तर?

माझ्या बाजूचे काही जण इथे चेंडूच्या वजनाचा मुद्दा पुढे करतात. जुना चेंडू लोखंडासारखा जड होता, असे ते सांगतात. हा मुद्दा मी वापरणार नाही, कारण तो अर्धाच खरा आहे. सामन्याच्या आरंभी चेंडूचे वजन १३ ते १५ औंस असावे, असा तेव्हाचा नियम होता. १९३७ साली ते वाढवून १४ ते १६ औंस झाले. कोरडा चेंडू जड नव्हता. पावसात चामडे पाणी पिऊन जड होई, हे खरे, पण ते दोन्ही संघांना सारखेच. जी गोष्ट ब्लूमरच्या बाजूने निर्विवादपणे उभी राहत नाही, तिची त्याला गरजही नाही.

गोल स्वस्त असतील तर ते सर्वांनाच स्वस्त असायला हवेत, या साध्या गोष्टीकडे तर प्रतिपक्ष बघतच नाही. त्याच हंगामांत, त्याच नियमांखाली, त्याच चिखलात शेकडो व्यावसायिक आघाडीपटू खेळत होते. त्यांच्यात ब्लूमर पाच वेळा फर्स्ट डिव्हिजनच्या गोलयादीत अग्रस्थानी राहिला: १८९५-९६मध्ये अॅस्टन व्हिलाच्या जॉनी कॅम्पबेलच्या बरोबरीने, मग १८९६-९७, १८९८-९९, १९००-०१ आणि १९०३-०४मध्ये एकट्याने. यांतल्या शेवटच्या हंगामात डर्बी अठरा संघांत चौदावी होती. चौदाव्या क्रमांकाच्या संघात राहून लीगमध्ये सर्वाधिक, वीस गोल. विजेत्या संघाच्या आक्रमकाला संधी चालून येतात. चौदाव्या संघाच्या आक्रमकाला त्या कोण आणून देतो?

त्याचा लीग गोलांचा उच्चांक मोडला तो १९३०च्या दशकात, एव्हर्टनच्या डिक्सी डीनने. डीन महान होता. १९२७-२८च्या एका लीग हंगामातले त्याचे साठ गोल आजही अभेद्य आहेत. पण त्याचे जवळजवळ सगळे गोल १९२५नंतरच्या सैल नियमाखालचे. दहा वर्षे नव्या नियमाची सवलत घेऊनच इंग्लंडमधल्या कुणाला तरी ब्लूमरला गाठता आले. डर्बीसाठी ब्लूमरच्या ३३२ गोलांच्या आसपास तर आजवर कुणी फिरकलेले नाही. दुसऱ्या क्रमांकावरच्या केव्हिन हेक्टरचे गोल २०१ आहेत.

आता आंतरराष्ट्रीय गोलांचा आक्षेप. वेल्स आणि आयर्लंड दुबळे होते, हे मी नाकारत नाही. वेल्सविरुद्धच्या ब्लूमरच्या बारा गोलांपैकी पाच कार्डिफच्या त्या एका सामन्यातले आणि चार १९०१ साली न्यूकॅसलला ६-० अशा विजयातले आहेत. पण प्रतिपक्षाने हिशेब इथेच का थांबवला? आयर्लंडविरुद्धचे दोन दणदणीत विजय पाहा. १८९५चा ९-० हा ब्लूमरच्या पदार्पणाचा सामना. त्यात त्याचे दोन गोल. १८९९चा १३-२; त्यातही दोनच. गोलांची लयलूट चालली असताना हा माणूस हावरटासारखा तुटून पडला नव्हता. पहिल्या दहा आंतरराष्ट्रीय सामन्यांपैकी एकही सामना त्याच्या गोलविना गेला नाही, आणि त्या दहांत मिळून १९ गोल झाले. हे सातत्य एखाद्या चांगल्या दुपारचे नाही.

आणि स्कॉटलंडचे काय? त्या काळी स्कॉटलंड म्हणजे फुटबॉलची विद्यापीठनगरी. नेमक्या, छोट्या पासांचा खेळ इंग्लंडला शिकवला तो स्कॉटिश खेळाडूंनी. इंग्लिश क्लब त्यांना पैसे मोजून दक्षिणेला आणत. स्कॉटलंडविरुद्धचा सामना हीच त्या युगाची सर्वोच्च कसोटी होती, तिच्यापेक्षा कठीण सामना जगात कुठे होतच नव्हता. त्या कसोटीला ब्लूमर दहा वेळा उतरला आणि त्याने आठ गोल केले. १८९८ साली ग्लासगोत इंग्लंड ३-१ जिंकले, त्यात त्याचे दोन. १९०४ साली सेल्टिक पार्कवर इंग्लंड १-० जिंकले, तो एकमेव गोल त्याचाच. १९०७ साली, तेहतिसाव्या वर्षी, आपल्या शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात १-१ अशी बरोबरी झाली, तेव्हाही इंग्लंडचा गोल त्याचाच. कार्डिफचे पाच गोल वजा करायचे असतील तर खुशाल करा. हे आठ कशात वजा करणार?

खरे तर स्वस्त आंतरराष्ट्रीय गोलांची सुगी ब्लूमरच्या वाट्याला आलीच नाही. इंग्लंडने युरोपच्या भूमीवरचे पहिले अधिकृत आंतरराष्ट्रीय सामने १९०८ साली खेळले: ऑस्ट्रियाला ६-१ आणि ११-१, हंगेरीला ७-०, बोहेमियाला ४-०. ब्लूमर त्याच्या आदल्या वर्षीच शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळून चुकला होता. पुढे व्हिव्हियन वुडवर्डने २९ गोलांपर्यंत पोचून त्याचा उच्चांक मोडला, तो याच नवशिक्या संघांविरुद्धच्या अनेक गोलांच्या जोरावर. वुडवर्ड अत्यंत गुणी आणि सभ्य खेळाडू होता, त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण गोलांची किंमत प्रतिस्पर्ध्यावरून ठरवायची, तर हे माप सर्वांना लावावे लागेल, आणि ते लावल्यावर ब्लूमर खाली येत नाही, वर जातो.

करंडक नाहीत, हा आक्षेप मला अन्यायाचा वाटतो. डर्बी १८९८ साली एफए कपच्या अंतिम सामन्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून १-३ हरली. डर्बीचा तो एक गोल कुणाचा? ब्लूमरचा. १८९९ साली शेफील्ड युनायटेडकडून १-४. १९०३ साली डर्बी पुन्हा अंतिम सामन्यात पोचली आणि बरीकडून ०-६ अशी चिरडली गेली. त्या दिवशी ब्लूमर दुखापतीमुळे खेळला नव्हता. अकरा जणांच्या खेळात एकाच्या माथी पराभवाचे खापर फोडायचे असेल, तर तो नसताना काय होते हेही पाहिले पाहिजे. मार्च १९०६मध्ये डर्बीने त्याला ७५० पाउंडांना मिडल्सब्रोला विकले. शहर हळहळले. पुढच्याच हंगामाच्या शेवटी, १९०७मध्ये, डर्बी फर्स्ट डिव्हिजनमधून खाली घसरली. खालच्या गर्तेशी झुंजणारी मिडल्सब्रो मात्र तगली. १९१०मध्ये तो परत आला, छत्तीस वर्षांचा. १९११-१२मध्ये डर्बी सेकंड डिव्हिजन जिंकून वर आली. तो गेला आणि संघ बुडाला, तो आला आणि संघ तरला. एका खेळाडूच्या मोलाचा याहून उघड पुरावा कोणता क्लब देऊ शकेल?

राहिला "नुसता नेमबाज" हा आरोप. इनसाइड राइट ही जागाच अशी आहे की तिथे नुसते टपून बसता येत नाही. हाफबॅक, विंगर आणि सेंटर फॉरवर्ड या तिघांच्या मधला दुवा तोच असतो. ऑफसाइडला तीन माणसे लागत असताना गोलपाशी दबा धरणे तर अशक्यच होते. दबा धरला की शिट्टी वाजायची! ब्लूमरचे वैशिष्ट्य वेळेच्या भानात होते: पास सुटेपर्यंत मागे, सुटल्या क्षणी पुढे, आणि चेंडू न थांबवता जमिनीलगतचा फटका. हे भान डोक्यातले आहे, पायातले नाही.

डोक्याबद्दल अजून शंका असेल तर निवृत्तीनंतरचा ब्लूमर पाहा. जुलै १९१४मध्ये तो ब्रिटानिया बर्लिन या क्लबचा प्रशिक्षक म्हणून जर्मनीला गेला. काही आठवड्यांत युद्ध पेटले आणि त्याला रूलेबेनच्या छावणीत डांबण्यात आले. बर्लिनजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरची ही छावणी. हजारो ब्रिटिश नागरिक तिथे तबेल्यांत राहिले. फ्रेड पेंटलंड, जॉन कॅमेरॉन, सॅम वोल्स्टनहोम असे नामांकित फुटबॉलपटूही कैदेत होते. या माणसांनी तिथे फुटबॉलची संघटना उभारली, स्पर्धा भरवल्या, आणि ब्लूमर त्यांच्या अग्रभागी होता. सुटका झाल्यावर तो हॉलंडमध्ये प्रशिक्षक झाला, आणि १९२३ साली स्पेनमधल्या इरूनच्या रेआल युनियनकडे गेला. १९२४मध्ये या छोट्या सीमावर्ती गावाच्या संघाने स्पेनचा राजचषक जिंकला, अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला १-० असे हरवून. ज्याला खेळ कळत नव्हता, त्याने परक्या देशात, परक्या भाषेत हा संघ कसा घडवला?

मराठी वाचकाला हा वाद नवा वाटू नये. फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू यांनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्या खेळपट्ट्या उघड्या होत्या, पावसाने भिजत होत्या, फिरकीला साथ देत होत्या. म्हणून ते बळी स्वस्त, असे आपल्यापैकी कुणी म्हणतो का? त्याच खेळपट्ट्यांवर इतरांनी काय केले, हे आपण आधी विचारतो. क्रिकेटला जो न्याय आपण आपसूक देतो, तो फुटबॉलला नाकारायचे कारण काय?

ब्लूमरला आजच्या मैदानावर आणले तर तो टिकणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो की हा प्रयोग एकाच दिशेने का करायचा? आजच्या आघाडीपटूला १९०४च्या फेब्रुवारीत डर्बीच्या बेसबॉल ग्राउंडवर न्या. घोट्यापर्यंत चिखल, घोट्यावर चढणारे जाड चामड्याचे बूट, आठवड्याला जास्तीत जास्त चार पाउंड पगाराची मर्यादा, पाय मुरगळला तरी बदली खेळाडू नाही, आणि पुढे धाव घेताच दोन फुलबॅकांपैकी एक पाऊल पुढे टाकून पंचाकडे हात वर करतो आहे. त्याने किती गोल केले, ते मग मोजू.

आता पुराव्याचा भार प्रतिपक्षावर आहे. त्यांनी एक नाव सांगावे. १८९२ ते १९१४ या बावीस वर्षांत, त्याच नियमांखाली, त्याच लीगमध्ये, ते "स्वस्त" गोल सर्वांसाठी मांडून ठेवलेले असताना, साडेतीनशेच्या जवळपास पोचलेला दुसरा एक खेळाडू त्यांनी दाखवावा.